द्रुतगती पोकर आणि हिशेबाची बुद्धी

दिवाळीच्या रात्री रंगणारी तीन पत्ती, आगगाडीच्या प्रवासात मांडलेली रमी, सुटीतील मेंढीकोट आणि क्लबातील ब्रिज यांची ओळख आपणांपैकी बहुतेकांस आहे. या सर्व खेळांत एक गोष्ट समान असते, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. ती गोष्ट म्हणजे दोन डावांमधील विसावा. पत्ते गोळा करावे लागतात, कॅट पिसावा लागतो, पाने वाटावी लागतात. तेवढ्यात कोणी चहाचा घोट घेतो, कोणी मागच्या डावातील चुकीवरून भिडूला टोचून बोलतो. हा वेळ वाया गेलासे वाटते. पण त्याच वेळात हरलेल्याचे डोके थंड होते, चतुर खेळाडू समोरच्याचा स्वभाव न्याहाळतो आणि सावध गृहस्थ खिशात किती उरले हे चाचपून पाहतो. हा विसावाच काढून टाकला तर खेळाचे काय होईल? इंटरनेटवरील पोकरच्या एका प्रकारात नेमके हेच केले गेले आहे. हे द्रुतगती पोकर कसे चालते, जाणते खेळाडू त्यात कोणते धोरण ठेवतात आणि त्या धोरणाचे बळ कोठे संपते, हे आज सांगावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आपल्या देशात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा संमत केला, त्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत की दैवाचे, मनाई केलेली आहे. असे खेळ चालविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांसाठी पैशांची देवघेव करून देणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरविले. म्हणून हे विवेचन खेळण्याचे आमंत्रण समजू नये. परंतु ज्या देशांत हा खेळ कायदेशीर आहे तेथे आपली मुलेबाळे नोकरी-शिक्षणासाठी राहतात; आणि कोणत्याही मोहाचे यंत्र आतून कसे चालते हे कळल्यावाचून त्याच्याविषयी दिलेला उपदेश पोकळ ठरतो.

प्रथम मूळ खेळ पाहू. पोकरचा आज सर्वाधिक प्रचलित प्रकार टेक्सस होल्डेम या नावाने ओळखला जातो. प्रत्येक खेळाडूस दोन पाने मिळतात; ती त्याने कोणास दाखवावयाची नसतात. नंतर टेबलावर तीन, मग एक, मग आणखी एक अशी पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. आपली दोन आणि ही पाच मिळून जी उत्तम पाच पाने होतील तो आपला हात. पाने उघडण्यापूर्वी एकदा आणि उघडत असताना तीनदा, अशा चार वेळा पैसे लावण्याची संधी येते. समोरच्याने चाल केली की तितकीच रक्कम भरून डावात राहावे, चाल वाढवावी, किंवा तीन पत्तीत ज्याला आपण पॅक करणे म्हणतो त्याप्रमाणे पाने टाकून डाव सोडावा. डाव रिकामा जाऊ नये म्हणून दोन खेळाडूंना पाने पाहण्यापूर्वीच ठराविक रक्कम भरावी लागते. त्यांतील लहान रकमेला छोटा ब्लाइंड व तिच्या दुपटीला मोठा ब्लाइंड म्हणतात. मध्ये जमलेली रक्कम म्हणजे पॉट. रोख डावात, म्हणजे ज्यात खेळाडू हवे तेव्हा बसतो आणि हवे तेव्हा उठतो अशा खेळात, साधारणतः शंभर मोठे ब्लाइंड घेऊन बसण्याची रीत आहे. तीच माझी पूर्ण रक्कम समजून पुढील सर्व हिशेब मी मोठ्या ब्लाइंडच्या मापानेच सांगणार आहे.

आता वेग. पणजीस मांडवीच्या पात्रातील कॅसिनोच्या जहाजांवर ज्यांनी पोकर पाहिले असेल त्यांस ठाऊक असेल की एका टेबलावर तासाभरात पंचवीस-तीस डाव झाले तरी पुष्कळ झाले. संगणकावर पत्ते पिसणे-वाटणे क्षणात होते, त्यामुळे साध्या ऑनलाइन टेबलावर हा आकडा साठ-सत्तरपर्यंत जातो. २०१० साली फुल टिल्ट या कंपनीने याहून पुढची युक्ती काढली आणि तिला रश पोकर असे नाव दिले. या पद्धतीत खेळाडू एका टेबलावर बसतच नाही. शेकडो खेळाडूंच्या एका समुदायात तो सामील होतो. हातातील पाने नापसंत म्हणून टाकली, की त्याच क्षणी त्याला दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या माणसांसमोर, नवी पाने मिळतात. आपली पाळी येईपर्यंतही थांबावयास नको. कळ दाबली की जुना डाव मागे पडला. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या न्यायखात्याने मोठ्या पोकर कंपन्यांवर आरोप ठेवले; त्या आघातातून फुल टिल्ट सावरली नाही आणि पुढल्या वर्षी ती तिची प्रतिस्पर्धी पोकरस्टार्स हिच्याकडे गेली. कल्पना मात्र टिकली. पोकरस्टार्सने २०१२ मध्ये झूम या नावाने तीच पद्धत सुरू केली, आणि इतर कंपन्यांनीही निरनिराळ्या नावांनी ती उचलली. या रीतीने एका माणसास तासाला दोनशे ते अडीचशे डाव सहज खेळता येतात. मी हिशेबासाठी अडीचशे हा आकडा धरतो. म्हणजे जहाजावरील एका तासाच्या दसपट.

या दसपटीचा अर्थ काय, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. बावन्न पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होऊ शकतात. त्यांत दोन एक्क्यांच्या जोड्या अवघ्या सहा. म्हणजे दोन एक्के सरासरीने २२१ डावांत एकदा हाती येतात. जहाजावरील खेळाडूस त्यासाठी जवळजवळ नऊ तास बसावे लागेल. द्रुतगती खेळात तासाच्या आतच ते दर्शन देतात. यावरून नवशिक्याच्या मनात एक धोरण सहजच उद्भवते: बाकी सारी पाने टाकावी, एक्क्यांची वाट पाहावी आणि ते येताच सर्व रक्कम लावावी. पाने टाकण्यास कष्ट नाहीत, कंटाळा नाही. मग यात वावगे ते काय?

वावगे आहे ते ब्लाइंडच्या हिशेबात. सहा जणांच्या खेळात प्रत्येक सहा डावांमागे एकदा मोठा व एकदा छोटा ब्लाइंड भरावा लागतो. टेबल सतत बदलत असले तरी कोणाचा ब्लाइंड कधी यावा याची नोंद यंत्र ठेवते. पळ काढून तो चुकविता येत नाही. सहा डावांमागे दीड, म्हणजे शंभर डावांमागे पंचवीस मोठे ब्लाइंड. एक्क्यांसाठी २२१ डाव थांबणाऱ्याचे तेवढ्यात पंचावन्न ब्लाइंड गेलेले असतात. तेव्हा प्रत्येक वेळी एक्के आले असता सरासरी पंचावन्नाहून अधिक मिळाले, तरच हे धोरण फायद्याचे. पण बहुधा समोरचे खेळाडू आपली चाल पाहताच पाने टाकतात आणि हाती दीड-दोन ब्लाइंडच येतात. डाव टाकणे फुकट आहे असे या खेळात भासते. प्रत्यक्षात त्याचे भाडे चालू असते, आणि वेगामुळे ते भाडे तासाला बासष्टांवर जाते.

यावरून पहिले धोरण निघते: निवड कडक हवी, परंतु ती जागेनुसार हवी. पोकरमध्ये जो शेवटी बोलतो त्याच्यापाशी इतरांपेक्षा अधिक माहिती असते. पत्ते वाटणाऱ्याच्या जागी, जिला खेळाडू बटण म्हणतात, बसलेला मनुष्य पाने उघडू लागल्यावर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. म्हणून आरंभी बोलणाऱ्याने मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी अशाच पानांवर चाल करावी; आणि बटणाच्या जागी आले असता मध्यम पानेही, उदाहरणार्थ एकाच रंगाची लागोपाठची नव्वी-अठ्ठी, उपयोगात आणावी. हा नियम पोकरच्या सर्व प्रकारांना लागू आहे. द्रुतगती खेळात त्याचे महत्त्व अधिक, कारण तेथे निवडीखेरीज दुसरे आधार थोडे आहेत.

दुसरे धोरण इतरांच्या वागण्यातून निघते. साध्या टेबलावर वाईट पाने टाकून बसलेल्यास पुढच्या डावापर्यंत ताटकळावे लागते. कंटाळून तो कसल्याही पानांवर पैसे भरतो. द्रुतगती खेळाने हा कंटाळा नाहीसा केला. बरी पाने एका कळीवर मिळू शकतात हे ठाऊक असल्यामुळे मनुष्य मध्यम पानांसाठी झगडत नाही. परिणामी ब्लाइंड भरलेले खेळाडू ते राखण्याऐवजी सोडून देतात. जाणता खेळाडू याचा लाभ घेतो. सर्वांनी पाने टाकली आणि बोलणे बटणापाशी आले, तर तो अडीच ब्लाइंडची चाल करतो. मध्ये दीड ब्लाइंड पडलेले असतात. अडीच लावून दीड मिळवावयाचे म्हणजे शंभरांपैकी सुमारे त्रेसष्ट वेळा दोघांनीही डाव सोडला की चाल लगेच फायद्यात येते. न सोडला तरी आपण शेवटी बोलणारे. संधी संपत नाही. हे किरकोळ दीड-दीड ब्लाइंडच वर सांगितलेले भाडे फेडतात.

याच निरीक्षणाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. जेथे मनुष्य सहज पळून जाऊ शकतो तेथे तो पळाला नाही आणि उलट चाल वाढवून उभा राहिला, तर त्याच्या हाती काही तरी आहे असे समजावे. विशेषतः शेवटचे पान उघडल्यावर शांत खेळणाऱ्याने एकाएकी मोठी वाढ केली, तर लहान रकमांच्या खेळांत ती हूल क्वचितच असते असा अनुभवी खेळाडूंचा निर्वाळा आहे. आपल्यापाशी एक्क्यांची जोडी असली तरी ती जोडीच आहे. तिच्यावर जीव लावून बसू नये. नवशिक्यांची बहुतेक पूर्ण रक्कम अशाच वेळी जाते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समजा, मध्ये शंभर चिप्स आहेत आणि समोरच्याने पन्नासांची चाल केली. आपण पन्नास भरले तर एकूण दोनशे होतील. म्हणजे चारांपैकी एकदा जिंकण्याची शक्यता असेल तरच ही बरोबरी परवडते. आता आपल्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावरील तीन पानांत दोन बदाम आहेत, आणि पाचवा बदाम आला की हात जमतो. आपणांस न दिसलेली पाने सत्तेचाळीस, त्यांत बदाम नऊ. पुढच्या एका पानात बदाम येण्याची शक्यता शंभरी एकोणीस. लागणारी शक्यता पंचवीस आणि आहे एकोणीस. बदाम आल्यावर समोरच्याकडून आणखी बरेच मिळेल अशी आशा असल्याशिवाय येथे डाव सोडावा. तीच चाल पंचवीस चिप्सची असती, तर एकूण दीडशेंत आपले पंचवीस, म्हणजे शंभरी सतरा पुरले असते आणि बरोबरी योग्य ठरली असती. पाने तीच, किंमत बदलली की निर्णय बदलतो. बाजारात भाजी घेणाऱ्या गृहिणीस हे सूत्र शिकवावे लागत नाही. पण घड्याळाचा काटा धावू लागला की भले भले ते विसरतात. म्हणून असे नेहमीचे आठ-दहा हिशेब खेळापूर्वी पाठ करून ठेवावे लागतात. या खेळात विचार करावयास वेळ नाही असे म्हणतात. खरे पाहता विचार आधी करून ठेवावा लागतो.

चौथी गोष्ट हूल देण्याची. अनेकांची समजूत अशी की हूल हा केवळ धाडसाचा किंवा चेहरा निर्विकार ठेवण्याचा प्रश्न आहे. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या गणिती उपपत्तीचा पाया घातला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरचे एक सोपे रूप घेऊन दाखविले की हूल हा उत्तम खेळाचा आवश्यक भाग आहे. आणि ती मध्यम हातावर न देता अगदी वाईट हातावर द्यावी. कारण मध्यम हात उघडे करूनही कधी कधी जिंकतो, वाईट हाताला मात्र दुसरा मार्गच नसतो. प्रमाणही ठरविता येते. शेवटच्या फेरीत आपण मधल्या रकमेएवढी चाल केली, तर समोरच्यास बरोबरी करण्यासाठी तीनांत एकदा जिंकणे पुरते. म्हणून आपल्या अशा चालींत दोन खऱ्या आणि एक पोकळ असावी. म्हणजे त्याने बरोबरी केली काय आणि सोडले काय, त्यास लाभ सारखाच. द्रुतगती खेळात या संतुलनाचे मोल मोठे आहे. समोरचा मनुष्य कोण, भित्रा की हट्टी, हे कळण्याआधीच तो नाहीसा होतो. ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याच्यापुढे, कोणालाही छिद्र सापडू नये असे खेळणे हेच कवच ठरते.

परंतु, श्रोतेहो, येथवरचे सर्व साधले तरी दोन शत्रू उरतातच, आणि त्यांना वेगाचे पाठबळ असते. पहिला शत्रू म्हणजे खेळ चालविणाऱ्याचा वाटा. जुगाराच्या अड्ड्यावर अड्डेवाला जशी नाल काढतो, तशी पोकर कंपनी प्रत्येक पॉटमधून काही टक्के, एका मर्यादेपर्यंत, कापून घेते. समजा, दर डावामागे सरासरी सहा-दशांश ब्लाइंड कापला जातो आणि सहा खेळाडू सारख्याच योग्यतेचे आहेत. मग शंभर डावांत साठ ब्लाइंड टेबलाबाहेर गेले. प्रत्येकाच्या वाट्यास दहा. सारखे खेळणारे सहाही जण हरत असतात आणि कोणी कोणाकडून जिंकत नसते. तासाला पंचवीस डावांच्या संथ खेळात हा खर्च अडीच ब्लाइंड. अडीचशे डावांच्या खेळात पंचवीस. चार तासांत एक पूर्ण रक्कम केवळ या वाट्यापायी जाते. हिरवे टेबल, समोरचा प्रतिस्पर्धी आणि त्याला हरविण्याची ईर्षा यांत हा सातवा भागीदार दिसतच नाही. तो पाने घेत नाही, हूल देत नाही, आणि एकही डाव हरत नाही. वेग त्याच्या सोयीचा आहे, म्हणूनच त्याने तो शोधून काढला. यास्तव ज्या खेळात हा वाटा जड आहे तेथे न बसणे हे सर्व डावपेचांच्या आधीचे धोरण होय.

दुसरा शत्रू अधिक सूक्ष्म आहे. तो म्हणजे योगायोगाचा चढउतार. एखादा खरोखर चांगला खेळाडू घ्या. सर्व वाटा देऊन तो शंभर डावांत सरासरी पाच ब्लाइंड जिंकतो. सहा जणांच्या खेळात शंभर डावांतील चढउताराचे सांख्यिकी माप सुमारे नव्वद ब्लाइंड धरतात. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई पाचशे ब्लाइंड; पण चढउताराचे माप नऊशे. हिशेब केला तर इतक्या डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता शंभरी सुमारे एकोणतीस निघते. एक लाख डाव झाल्यावर ती चारांच्या आसपास उतरते. यामुळेच अनुभवी खेळाडू तीस ते पन्नास पूर्ण रकमा बाजूस असल्यावाचून त्या पातळीवर बसत नाहीत, आणि त्या रकमांत घरभाडे, शाळेची फी किंवा औषधपाणी यांचा पैसा कधीही नसावा हे ते प्रथम सांगतात.

या गणिताची उलट बाजू अधिक घातक आहे. जो दर शंभर डावांत पाच ब्लाइंड हरण्याच्याच योग्यतेचा आहे, त्याचीही दहा हजार डावांनंतर फायद्यात असण्याची शक्यता तितकीच, शंभरी एकोणतीस, असते. जहाजावर तो चारशे तास बसेल तेव्हा दहा हजार डाव होतील. द्रुतगती खेळात चाळीस तासांत होतात. एका महिन्याच्या संध्याकाळी खेळून काही पैसे मिळाले, की त्यास वाटते आपणांस विद्या साधली. मग तो वरच्या पातळीवर जातो, नोकरीकडे दुर्लक्ष करतो, उसने घेतो. दैवाने दिलेल्या उसनवारीला तो स्वतःची मिळकत समजतो, आणि वसुली त्याच वेगाने येते. घरे बुडतात ती बहुधा पहिल्या तोट्याने बुडत नाहीत. पहिल्या फायद्याने त्यांचा पाया खचतो.

यात मनाच्या अवस्थेचीही भर पडते. साध्या टेबलावर हरलेला मनुष्य निदान समोरच्याकडे रागाने पाहतो, उठतो, पाणी पितो. येथे हार पचण्यापूर्वी नवी पाने डोळ्यांपुढे उभी राहतात आणि मागची भरपाई आताच करावी असा मोह होतो. म्हणून जाणते खेळाडू बसण्याआधीच बंधन घालून घेतात: आज पाचशे डाव, अथवा दोन पूर्ण रकमांचा तोटा, यांतील जे आधी होईल तेथे उठावयाचे. हे बंधन वेळेचे नसून डावांचे असते, कारण या खेळात दोन तास म्हणजे दोन तास नसतात. जहाजावरच्या वीस तासांचा खेळ त्यांत आटलेला असतो. मग दुसऱ्या दिवशी, पैसे लागलेले नसताना, आदल्या दिवसाचे मोठे डाव नोंदींतून काढून तपासावयाचे. प्रश्न जिंकलो की हरलो हा नसतो. त्या माहितीवर निर्णय बरोबर होता की नाही, हा असतो. द्रुतगती खेळातील खरी प्रगती अशा मंदगतीच्या तासांत होते.

आणखी एका नव्या प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख आवश्यक आहे. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी मर्यादित चालींचे, दोघांत खेळावयाचे होल्डेम यंत्राने व्यवहारतः पूर्ण सोडविल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे लिब्रेटस नावाच्या यंत्राने चार व्यावसायिक खेळाडूंस एक लाख वीस हजार डावांत हरविले. आणि २०१९ मध्ये नोअम ब्राउन व टुओमास सँडहोम यांच्या प्लुरिबसने सहा जणांच्या खेळातही मानवी निष्णातांवर सरशी केली. इंटरनेटवर समोर बसलेला दिसत नाही. तो माणूस आहे, अभ्यासासाठी यंत्र वापरणारा माणूस आहे, की नियम मोडून बसविलेले यंत्रच आहे, हे पाने टाकून क्षणात दुसरीकडे जाणाऱ्यास कसे कळणार? कंपन्या यंत्रांना मज्जाव करतात. पण ज्या खेळात ओळख पटण्याइतका सहवासच घडत नाही तेथे खेळाडूचे स्वतःचे निरीक्षण फारसे कामी येत नाही.

मग हा खेळ कौशल्याचा की दैवाचा? आपल्या न्यायालयांनीही या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. हैदराबादच्या जुळ्या शहरातील, सिकंदराबादमधील, एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीस प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. तर पोकरविषयी गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली तो दैवाचा खेळ असल्याचे मत दिले. वर केलेला हिशेब पाहता दोन्ही उत्तरांत अंशतः सत्य आहे. एका डावात दैव राजा असते, लाख डावांत कौशल्य. पण लाख डावांपर्यंत पोहोचावयास जो पैसा, जी शांती आणि जो अभ्यास लागतो, तो फार थोड्यांपाशी असतो. आणि वाटा देऊनही उरेल इतके कौशल्य त्याहून थोड्यांपाशी.

महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यान आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पुष्कराशी द्यूत खेळून नलाने राज्य घालविले. पुढे तो बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाकडे जाताना त्याने रथ असा पळविला, की राजाचे उत्तरीय खाली पडले आणि ते उचलण्यास सांगेपर्यंत योजनभर अंतर मागे गेले होते. अश्वविद्येत, म्हणजे वेगात, नलाचा हात धरणारा कोणी नव्हता. तरी द्यूतात तो हरला होता. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या एका वृक्षाची पाने व फळे नजरेनेच मोजून सांगितली. राजाला उशीर होत होता, तो घाई करीत होता. पण नलाने रथ थांबविला, खाली उतरून वृक्ष तोडला, आणि संख्या मोजून खात्री करून घेतली. मग त्याने आपली अश्वविद्या देऊ करून राजाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांचे व संख्येचे रहस्य, घेतले. त्यानंतर पुष्कराशी पुन्हा गाठ पडली तेव्हा त्याने एकाच डावात राज्य परत मिळविले.

ज्याच्यापाशी वेग आहे त्याने थांबून मोजावयास शिकावे, हे त्या कथेतील व्यवहारज्ञान द्रुतगती पोकरला शब्दशः लागू पडते. वेग स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही. जे आपल्यापाशी आहे त्याला तो दसपट करतो. हिशेब असेल तर हिशेबाला, लोभ असेल तर लोभाला, आणि अड्डेवाल्याचा वाटा तर बिनचूक. तेव्हा परदेशी असलेला आपला एखादा तरुण या खेळाविषयी उत्साहाने सांगू लागला, तर त्याला एकदम रागे भरू नये. त्याला तीन प्रश्न विचारावेत: शंभर डावांमागे तुझ्या वाट्याचे किती कापले जाते? आजवर किती डाव खेळलास, आणि तेवढ्यांवरून काही ठरविता येते का? आज किती डावांनंतर उठावयाचे, हे बसण्यापूर्वी ठरविले होतेस का? तिन्हींची उत्तरे त्याच्यापाशी लिहिलेली असतील, तर तो निदान डोळे उघडे ठेवून खेळतो आहे. आणि नसतील, तर त्याने टाकावयाचे पहिले पान कोणते, हे त्याचे त्यालाच उमजेल.